पेठेचा संघ

माणसाला आईबाप निवडतां येत नाहींत, जन्मगांव निवडतां येत नाहीं, आणि कोल्हापुरांत जन्मलेल्या माणसाला फुटबॉलचा संघहि निवडतां येत नाहीं. ज्या पेठेंत त्याचा पाळणा हलला, त्या पेठेच्या तालमीचा जो संघ तोच त्याचा संघ. पुढें तो शिकून मुंबईस जावो, नोकरीनिमित्त दिल्लीस राहो किंवा उपनगरांत घर बांधो, हंगाम सुरू झाला कीं "आपलं काय झालं?" हें विचारल्यावांचून तो राहत नाहीं, आणि त्या 'आपलं' या शब्दांत सबंध पेठ सामावलेली असते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हीं नांवें परक्या माणसास आखाड्यांच्या यादीसारखीं वाटतील. पण ह्याच नांवांनीं येथें फुटबॉल खेळला जातो, आणि राजर्षि शाहू स्टेडियमवर दोन मातबर संघांची गांठ पडावयाची असली कीं त्या दिवशीं शहरांतील पुष्कळ कामें आपोआप लौकर उरकतात. आमची पेठ कोणती, हें आम्ही मुद्दामच सांगत नाहीं. तें सांगितलें तर निम्मे कोल्हापूरकर वाचक हा लेख येथेंच मिटतील, आणि उरलेले निम्मे आमचें म्हणणें न वाचतांच मान्य करतील. दोन्ही गोष्टी आम्हांला नकोत.

हा खेळ आला साहेबाबरोबर. पण येथें तो राहिला तालमींत. शाहूमहाराजांनीं कुस्तीला जो आश्रय दिला त्यामुळें पेठोपेठीं तालमी नांदत्या झाल्या होत्या. रोम येथील कलोसियमचे अवशेष पाहून आल्यावर महाराजांनीं खासबागेचें कुस्त्यांचें मैदान बांधविलें, तें १९१२ सालीं पुरें झालें. पुढें राजघराण्याच्याच आश्रयानें फुटबॉलनेंहि येथें मूळ धरलें, आणि स्वतःसाठीं वेगळें घर न बांधतां तो तालमींत राहावयास आला. मुंबईंत क्रिकेट वाढलें तें जिमखान्यांतून. आणि जिमखाना पारशांचा, हिंदूंचा, मुसलमानांचा असा वांटलेला असे. तालमीच्या दारांत इतकेंच विचारीत कीं, पोरगा कोणाचा आणि राहतो कोठें. ज्या मुलानें पहांटे आखाड्यांत जोर काढले तोच संध्याकाळीं चेंडूमागें धांवूं लागला, आणि भाद्रपदांत त्याच मंडळाच्या गणपतीपुढें तो लेझीम खेळूं लागला. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. दरबार गेला, पण पेठ आणि तालीम राहिली, व सामने भरविण्याचें काम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन करीत राहिली. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागीं उभ्या असलेल्या आजच्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर जो माणूस बसलेला असतो, तो म्हणूनच केवळ तिकिट काढून करमणूक पाहावयास आलेला नसतो. तो घरच्या कार्याला आलेला असतो. साहजिकच खेळाच्या व्यवस्थेंत कांहीं फेरफार झाला कीं घराच्या वांटणींत फेरफार झाल्याप्रमाणें तो अस्वस्थ होतो.

ही अस्वस्थता दोन प्रकारची आहे, आणि कट्ट्यावरील वादांत ह्या दोन प्रकारांची नेहमीं भेसळ होते, असें आमचें मत आहे. खेळ कसा खेळावा याचे नियम बदलले म्हणून वाटणारी अस्वस्थता ही एक. आणि संघ कोणाचा राहिला आहे या शंकेनें वाटणारी अस्वस्थता ही दुसरी. पहिलीला फारसा आधार नाहीं. दुसरीला आहे. पण आमचे जुने प्रेक्षक पहिलीवरच तावातावानें बोलतात, आणि दुसरीविषयीं एक सुस्कारा सोडून गप्प बसतात. हा क्रम उलटा व्हावयास पाहिजे, एवढेंच आम्हांला येथें सांगावयाचें आहे.

प्रथम नियमांचें पाहूं. फुटबॉलचे नियम अपौरुषेय आहेत अशा थाटांत पुष्कळ लोक बोलतात; पण फुटबॉल या नांवाचा एकच एक खेळसुद्धां जगांत नाहीं. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथील मंडळीनें १८५९ सालीं आपल्या क्लबाचे नियम लिहून काढले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशननें आपले नियम लिहिले ते १८६३ सालीं, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनीं. मेलबर्नच्या खेळांत चेंडू हातांत घेऊन धांवतां येतें आणि उंच उडी मारून तो झेलतां येतो. लंडनच्या खेळांत गोलरक्षकाखेरीज इतरांनीं चेंडूला हात लावणें हाच गुन्हा. दोन्ही खेळांचे भक्त आपल्या खेळाला 'फुटबॉल' हेंच नांव देतात, आणि दोघांनाहि दुसऱ्याचा खेळ विचित्र वाटतो. आपण जो खेळतों त्या लंडनच्या खेळाचे नियम ठरविणारें एक आंतरराष्ट्रीय मंडळ १८८६ पासून चालत आलेलें आहे. त्यांत आज आठ मतें असतात. चार ब्रिटनमधील चार संस्थांचीं व चार फीफा या जागतिक संघटनेचीं. नियम बदलावयाचा तर आठांपैकीं सहा मतें लागतात. म्हणजे बदल अशक्य नाहीं, पण कोणाच्या लहरीवरहि तो होत नाहीं.

असे बदल पुष्कळ झाले, आणि त्यांतील बहुतेक आज आम्हांस मूळचेच वाटतात. १८९१ सालीं पेनल्टी किकचा नियम आला, तेव्हां इंग्लंडांतील कांहीं सभ्य खेळाडूंना तो अपमान वाटला. सद्गृहस्थ मुद्दाम आडवा पाय घालतो असें गृहीत धरणें हीच त्यांच्या मतें असभ्यता होती. आज पेनल्टीवांचून खेळाची कल्पनाहि कोणास करवत नाहीं. १९२५ पर्यंत पुढें असलेल्या गड्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. नसले तर तो ऑफसाइड ठरे. चतुर बचावगड्यांनीं नेमकें एक पाऊल पुढें सरकावें आणि सबंध आक्रमण अडकवून टाकावें, असा प्रकार माजला. त्या वर्षीं तीनांचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या विभागांत आदल्या हंगामांत ११९२ गोल झाले होते, ते पुढच्या हंगामांत १७०३ झाले. १९६६ च्या विश्वचषकांत इंग्लंड व अर्जेंटिना यांच्या सामन्यांत पंचाची भाषा खेळाडूंस न कळल्यामुळें मोठा घोळ झाला. त्यांतून रस्त्यावरील दिव्यांच्या रंगांचीं पिवळीं व तांबडीं कार्डें सुचलीं, आणि १९७० सालीं मेक्सिकोंतील विश्वचषकांत तीं प्रथम पंचांच्या खिशांत आलीं. आज शाळेच्या पटांगणांत खेळणाऱ्या पोरालाहि त्यांचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

१९९० चा इटलींतील विश्वचषक ज्यांनीं दूरचित्रवाणीवर पाहिला असेल, त्यांना त्यांतील कंटाळा आठवत असेल. ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले. एका गोलाची आघाडी मिळाली कीं चेंडू मागें आपल्या गोलरक्षकाकडे द्यावयाचा, त्यानें तो हातांत घेऊन वेळ काढावयाचा, पुन्हा सोडावयाचा, पुन्हा घ्यावयाचा. १९९२ सालीं नियम झाला कीं, आपल्याच गड्यानें पायानें मुद्दाम परत दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातीं घेऊं नये. त्या वेळीं आमच्या कट्ट्यावरील एका वृद्ध गृहस्थांनीं "मग गोलकीपरनं काय करायचं? आरती ओवाळायची?" असा प्रश्न केला होता. दोन हंगाम लोटले नाहींत तोंच तेच आबा "ह्या पोराचा पाय बघा, हातापेक्षां चांगला आहे," म्हणून गोलरक्षकाची तारीफ करूं लागले. उलट, जादा वेळेंत पहिला गोल होतांच सामना संपविण्याचा 'सोनेरी गोला'चा नियम १९९३ सालीं आला, त्यावर १९९६ ची युरोपीय स्पर्धा निकालांत निघाली, आणि २००४ सालीं तो नियम काढून टाकण्यांत आला. कारण एका चुकीनें सर्व बुडेल या धास्तीनें संघ आक्रमणच करीतना. नियम चुकला तर मागें घेतां येतो, हीहि एक समाधानाची गोष्ट आहे.

यावरून नियमांतील कोणत्याहि फेरफाराला लावण्याजोग्या दोन साध्या कसोट्या निघतात. ह्या फेरफारानें खेळाडूला अधिक खेळावें लागतें कीं कमी, ही पहिली. आणि तो फेरफार शेजारीं बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला एका वाक्यांत सांगतां येतो कीं नाहीं, ही दुसरी. १९२५ चा ऑफसाइड, १९७० चीं कार्डें, १९९२ चा मागें दिलेला चेंडू, हे तिन्ही ह्या कसोट्यांना उतरतात. २०१८ च्या विश्वचषकापासून पंचाच्या मदतीला जें चित्रफितींचें यंत्र आलें, तें मात्र आमच्या दृष्टीनें अर्धेंच उतरतें. त्यानें अन्याय कमी होतो, हें खरें. पण गोल झाल्यावर ओरडावें कीं पडद्यावर निकाल येईपर्यंत श्वास धरून बसावें, हेंच प्रेक्षकाला कळेनासें होतें. आणि खांदा एका बोटानें पुढें होता म्हणून गोल रद्द झाला, हें त्या दहा वर्षांच्या मुलाला पटवून देतांना बापाच्या नाकीं नऊ येतात.

नव्या नियमांशीं भांडत बसलें तर काय किंमत पडते, याचें उदाहरण आपल्या देशांतच आहे. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकलें, तेव्हां त्यांच्या अकरांपैकीं दहा गडी अनवाणी होते. तेव्हांपासून अनवाणी पाय हा आमच्या अभिमानाचा विषय झाला. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें आमचे पुष्कळसे गडी अनवाणीच खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे निसटते हरले. त्यामुळें अभिमान अधिकच घट्ट झाला. १९५२ सालीं हेलसिंकीच्या थंडींत युगोस्लाव्हियानें आम्हांला १०-१ असें लोळविलें. बुटांची सक्ती झाली ती त्यानंतर. आणि त्याच हेलसिंकींत, त्याच उन्हाळ्यांत, राजाराम कॉलेजांत शिकलेले खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें; स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. खाशाबा १९४८ सालीं लंडनला गेले तेव्हां मातींत वाढलेल्या ह्या मल्लाला गादी नवी होती आणि गादीचे नियमहि नवे होते. ते सहावे आले. पुढच्या चार वर्षांत त्यांनीं गादीची निंदा केली नाहीं. मातींत कमावलेलें बळ गादीच्या नियमांत कसें बसवावें तें ते शिकले. कोल्हापूरच्या माणसाला नवा नियम समजावून घेण्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं.

आपल्या घरच्या कबड्डीचेंहि पाहा. २०१४ सालीं प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिच्यांत असा नियम आला कीं, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरींत गुण मिळविलाच पाहिजे, नाहीं तर चढाई करणारा बाद. हा नियम आमच्या दोन्ही कसोट्यांना उतरतो. त्यानें खेळांत चैतन्य आलें. पण तीच स्पर्धा पाहतांना आमच्या मनांत दुसऱ्या प्रकारची अस्वस्थता उभी राहते. खेळाडूंचा लिलाव होतो. यंदा एका शहराचें नांव छातीवर मिरविणारा गडी पुढल्या सालीं दुसऱ्या शहराचें नांव मिरवितो. खेळ सुधारला यांत शंका नाहीं. पण त्या संघाची पेठ कोणती?

हाच प्रश्न आतां कोल्हापूरच्या दाराशीं येऊन ठेपला आहे. हंगामापूर्वीं खेळाडूंची नोंदणी होते. त्या दिवसांत कोणता गडी कोणत्या संघाकडे गेला याची चर्चा लग्नाच्या याद्यांसारखी रंगते, आणि त्या यादींत देण्याघेण्याचा भागहि असतो. परगांवचे गडी येतात; गेल्या कांहीं वर्षांत आफ्रिकेंतील गडीहि आमच्या मैदानावर खेळून गेले. ह्या पाहुण्यांविषयीं वावगें असें एक अक्षरहि आम्ही लिहिणार नाहीं. त्यांच्या अंगांतील चपळाई पाहून आमच्या मुलांना आपण कोठें कमी पडतों तें कळलें, आणि जें शहर विश्वचषकाच्या महिन्यांत चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे फलक उभारून अर्जेंटिनावाले व ब्राझीलवाले अशा दोन तटांत विभागलें जातें, त्या शहरानें परदेशच्या गड्याला परका म्हणणें शोभतहि नाहीं. पैसा घेणाऱ्या गड्यालाहि आम्ही दोष देत नाहीं. गुडघा एकदां दुखावला कीं पुढचें आयुष्य पेठ पोसत नसते, हें त्याला ठाऊक असतें.

तरी पण दुसरी बाजू आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. आमच्या गल्लींत एक मुलगा होता. त्याचा आजा आणि बाप दोघेहि पेठेच्या संघांतून खेळलेले. घराच्या ओट्यावर आजाचे जुने बूट अजून खिळ्याला टांगलेले होते. पोरगा पायानें चांगला होता; असामान्य नव्हे, पण चांगला. दोन हंगाम तो राखीव गड्यांच्या बांकावर बसून राहिला, कारण त्याच्या जागीं बाहेरून आणलेला गडी होता. तिसऱ्या हंगामांत त्यानें दुसऱ्या पेठेच्या संघांत नांव नोंदविलें, आणि सामन्याच्या उत्तरार्धांत आमच्याच जाळ्यांत गोल घातला. सबंध पायऱ्यांवर शांतता पसरली. शिव्या द्याव्यात तर पोरगा आपला, टाळ्या वाजवाव्यात तर गोल आपल्यावर. आमच्यापुढें बसलेले एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "आरं, आज आपल्या पेठंचा गोल कुणी मारला असंल तर त्यानंच." शेजारी हंसला नाहीं. सामना संपल्यावर तो मुलगा आमच्या बाजूस आला नाहीं, आणि आम्हांपैकींहि कोणी खालीं उतरून त्याच्याकडे गेलें नाहीं. त्या दिवशीं एक सामना गेला याचें दुःख चार दिवसांत विरलें. पण त्याच्या धाकट्या भावाला आतां आमचा संघ कोणत्या तोंडानें 'आपला' म्हणावयास सांगावा, हा प्रश्न विरला नाहीं.

कोणी म्हणतील, पेठच पूर्वीची राहिली नाहीं तर संघ कसा राहावा? वाडे पाडून इमारती झाल्या, जुनीं घराणीं उपनगरांत गेलीं, भाड्यानें आलेल्या माणसांना तालमीचें नांवहि ठाऊक नसतें. हा आक्षेप खोटा नाहीं. म्हणून हीच अवस्था ज्यांच्यावर आधीं येऊन गेली त्यांचें काय झालें, तें पाहणें उपयोगाचें होईल. आम्हांला या बाबतींत मेलबर्न शहर जवळचें वाटतें. कारण कार्लटन, कॉलिंगवुड, रिचमंड, फिट्झरॉय, फुटस्क्रे हे तेथील क्लब म्हणजे तेथल्या पेठाच होत. १९८२ सालीं साउथ मेलबर्नचा क्लब कर्जापायीं सिडनीस हलविण्यांत आला. १८८३ सालीं स्थापन झालेला फिट्झरॉयचा क्लब १९९६ च्या हंगामानंतर दूरच्या ब्रिस्बेनच्या क्लबांत विलीन झाला. त्याचा सिंह तेवढा नव्या संघाच्या अंगरख्यावर उरला. नियमांत पुष्कळ फेरफार तेथील खेळांतहि होतात, आणि त्यांवर तेथले प्रेक्षकहि कुरकुरतात. २०१९ पासून चेंडू मध्यावरून सुटतांना मैदानाच्या तीन भागांत प्रत्येकीं सहा-सहा गड्यांनींच उभें राहावें असा नियम झाला, तेव्हांहि ते कुरकुरले. पण नियमाविषयींची कुरकूर एका हंगामांत शमते. गेलेल्या क्लबाचा शोक पिढ्यान् पिढ्या चालतो.

आणि जेथें प्रेक्षक केवळ शोक करीत बसले नाहींत, तेथें निराळें घडलें. १९८९ सालीं फुटस्क्रेचा क्लब फिट्झरॉयमध्यें विलीन करण्याचें ठरून गेलें होतें. त्या कामकरी वस्तींतील लोकांनीं रस्त्यारस्त्यावर डबे फिरवून पैसा जमविला, आणि तो बेत मोडून काढला. वेस्टर्न बुलडॉग्ज असें नांव धारण केलेल्या त्याच क्लबानें २०१६ सालीं विजेतेपद मिळविलें. याच्या आधींचें त्यांचें विजेतेपद १९५४ सालचें होतें. आपल्या देशांत १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानच्या फुटबॉल संघाचें २०२० सालीं एका नव्या संघाशीं एकीकरण होऊन जुन्या नांवाआधीं नवीं अक्षरें चिकटविण्यांत आलीं. प्रेक्षकांनीं तीं अक्षरें काढण्याचा धोशा लावला, आणि २०२३ सालीं तीं निघालीं. क्लब हा कागदोपत्रीं कोणाचाहि असो, प्रेक्षकांनीं मनावर घेतलें तर त्यांचा शब्द चालतो, असें ह्या दोन्ही उदाहरणांवरून दिसतें.

मग आमच्या पेठांनीं काय करावें? बाहेरच्या गड्यांना बंदी करावी असें आम्ही म्हणत नाहीं. स्पेनमधील बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लब शंभराहून अधिक वर्षें केवळ बास्क प्रांतांतील गड्यांवर चालत आलेला आहे, आणि १९२९ सालीं सुरू झालेल्या स्पेनच्या पहिल्या विभागांतून तो २०२५ पर्यंत एकदांहि खालीं घसरलेला नाहीं. तें व्रत थोर आहे, पण सर्वांना पेलणारें नाहीं. याहून सौम्य उपाय युरोपच्या संघटनेनें आपल्या स्पर्धांसाठीं योजिला आहे. पंचवीस गड्यांच्या यादींत निदान आठ त्या देशांत तयार झालेले असावेत, आणि त्यांपैकीं चार तरी खुद्द त्या क्लबानें वाढविलेले असावेत. वाढविलेला म्हणजे कोण, हेंहि तेथें ठरविलेलें आहे: वयाच्या पंधराव्यापासून एकविसाव्या वर्षापर्यंतच्या काळांत जो तीन हंगाम त्या क्लबांत होता तो. तो कोठें जन्मला, त्याचें घर कोठें आहे, असें कोणी विचारीत नाहीं.

ही व्याख्या आम्हांला कोल्हापुराला विशेष सोईची वाटते. पेठ विखुरली आहे ही अडचण तिनें दूर होते. उपनगरांतून सायकलीवर येणारा मुलगा, परगांवाहून शिकावयास आलेला मुलगा, भाडेकरूचा मुलगा, ह्यांपैकीं जो तीन वर्षें तालमीच्या मुलांत खेळला तो पेठेचा. मैदानावर उतरणाऱ्या अकरांत असे निदान चार गडी असावेत, असा नियम पेठांनीं स्वतःवर घालून घ्यावा. मग उरलेल्या जागांवर वाटेल तेथून गडी आणावेत. त्यांचेंहि स्वागत होईल. त्या चार जागांसाठीं मात्र प्रत्येक तालमीला लहान मुलांचा संघ उभारावा लागेल, त्यांना शिकवावें लागेल, पटांगण राखावें लागेल. आज जो पैसा गडी फोडण्यांत जातो त्याचा कांहीं भाग गडी घडविण्यांत जाईल. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ सालीं भारतांत झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत देशाकडून खेळला, तेव्हां सबंध शहरानें मान उंच केली. अशा मुलांची वाट पाहावयाची असेल तर त्यांना बांकावरून उठवून मैदानावर सोडावें लागेल.

येथवर वाचून आमचे प्रेक्षकबंधु खूष झाले असतील. पण एक कडू गोष्ट उरली आहे. संघ आमचा, असें जो म्हणतो त्याच्यावर कांहीं जबाबदारीहि येते. प्रेक्षकांच्या हुल्लडीनें आमच्या मैदानावर सामने थांबले आहेत. पंचावर धांवून जाणें, बाटल्या फेंकणें, दुसऱ्या पेठेच्या आयाबहिणींचा उद्धार करणें, हें सर्व पेठेच्या प्रेमाच्या नांवाखालीं चालतें. बायकामुलांना घेऊन मैदानावर जावें असें ज्यांना वाटतें त्यांना हीं प्रेमाचीं चिन्हें घरीं बसवितात. आम्हीं वर म्हटलें कीं, येथला प्रेक्षक घरच्या कार्याला आलेला असतो. मग घरच्या कार्यांत कोणी तमाशा मांडला तर त्याला पोलिसांनीं नव्हे, घरच्यांनींच दंडाला धरून बाहेर न्यावयाचें असतें. पंच हाहि कोणत्या तरी पेठेचाच मुलगा असतो. त्याला शिट्टी वाजवितांना घरीं धड जाण्याची चिंता वाटूं लागली तर १८६३ पासूनचे सगळे नियम मिळूनहि तो सामना नीट चालवूं शकणार नाहीं. म्हणून ज्या संघाचे प्रेक्षक सामना मोडतील त्या संघाचे गुण कापावेत, असा नियम कोणी आणला तर आम्ही त्याच्या बाजूनें हात वर करूं, आणि तो प्रथम आमच्याच संघाला लागू झाला तरी हात खालीं घेणार नाहीं. हा नियम वरील दोन्ही कसोट्यांना उतरतो: त्यानें खेळ अधिक होईल, आणि तो दहा वर्षांच्या मुलालाहि समजेल.

खेळाचे नियम दूर देशीं आठ मतांनीं ठरतात. त्यांत आम्हांला मत नाहीं, आणि नसल्याचें फारसें दुःखहि नाहीं. पेठेच्या अंगरख्यांत कोणी उतरावें आणि त्याच्यापुढें आपण कसें बसावें, ह्या दोन गोष्टी मात्र अजून आमच्या हातीं आहेत. पुढल्या हंगामाची नोंदणी सुरू होण्यापूर्वीं पेठोपेठींच्या जाणत्या मंडळींनीं एकत्र बसून चार मुलांचा एवढा एक नियम जरी आपसांत ठरविला, तरी बांकावर बसलेल्या पोराला दुसऱ्या पेठेचा रस्ता विचारावा लागणार नाहीं.